डायरेक्टर बदलल्यावर

लॉन बोल्स म्हणजे गवतावरून मोठा चेंडू घरंगळत सोडून 'जॅक' या लहान चेंडूच्या जवळात जवळ नेण्याचा खेळ. त्यात माझा वर्ग बी३, कमी दृष्टीच्या खेळाडूंचा. दृष्टी २/६० ते ६/६० च्या दरम्यान असेल तर या वर्गात घेतात. चेंडू सोडायच्या मॅटवरून मला समोर हिरवा पसारा दिसतो. जॅक त्यातच कुठेतरी, निदान २३ मीटर लांब आहे, हे मी ऐकून मानते.

ऐकून म्हणजे डायरेक्टरकडून, चेंडू कुठे आहे ते मला सांगणाऱ्या साथीदाराकडून. ती हेडपाशी, म्हणजे जॅकभोवती चेंडू जमतात तिथे असते आणि घड्याळाच्या भाषेत बोलते. जॅक घड्याळाच्या मध्यावर. सहा वाजता म्हणजे माझ्या बाजूला, बारा वाजता म्हणजे जॅकच्या मागे. "चार वाजता, अर्धा मीटर" एवढं कळलं की माझा चेंडू कुठे थांबला ते मला तिथे जाऊन बघावं लागत नाही.

मुलाखतीत मात्र 'अंधारावर मात' हा मथळा ठरलेलाच. मला त्याचा कंटाळा आलाय. मात वगैरे मी हवेवर आणि ओल्या गवतावर करते, तीही कधीमधी. चेंडू जवळजवळ दीड किलोचा आणि मुद्दाम एका अंगाने वेगळा घडवलेला, म्हणून तो वेग उतरला की वळतो. कुठल्या बाजूला वळणार ते त्याच्यावरचं लहान चिन्ह सांगतं. ते मी बोटानं चाचपते. उलट्या बाजूनं सोडला की स्वारी थेट शेजारच्या रिंकवर, म्हणजे दुसऱ्यांच्या खेळाच्या पट्ट्यात! हे डोळस खेळाडूंकडूनही होतं, आणि तेव्हा मला मनापासून बरं वाटतं.

चेंडूची दिशा कुणी सांगू शकतं, पण वेट सांगता येत नाही. किती जोर लावायचा ते खांद्याला आणि गुडघ्याला कळावं लागतं. वेगवान मैदानावर चेंडू सावकाश सोडायचा असतो, तो पोहोचायला जास्त वेळ घेतो आणि वळतोही जास्त. हे अंगात मुरायला माझी सुरुवातीची वर्षं गेली. क्लबात सगळ्यांबरोबर खेळत होते, वर्गीकरण नंतर झालं, मग जोडीचे सामने.

ही जोडी म्हणजे खरं तर चौघं. राष्ट्रकुल स्पर्धेत बी२-बी३ मिश्र दुहेरीत (बी२ म्हणजे माझ्याहून कमी दृष्टीचा वर्ग) एक पुरुष, एक स्त्री आणि प्रत्येकाचा डायरेक्टर असतो. पदक डायरेक्टरलाही मिळतं. बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये स्कॉटलंडचे जॉर्ज मिलर हे मेलनी इनिसचे डायरेक्टर म्हणून सुवर्ण जिंकले, वयाच्या ७५व्या वर्षी! काहींना हे चमत्कारिक वाटलं. मला नाही वाटलं.

कारण माझी पहिली डायरेक्टर गुडघ्यांमुळे थांबली, तेव्हा माझा खेळही थांबल्यासारखा झाला. हात तोच, चेंडू तेच. पण तिचं 'थोडा' म्हणजे किती, हे मला माहीत होतं. नवीन मुलीचं 'थोडा' कधी वीतभर असायचं, कधी हातभर. शिवाय ती धीर देत बसायची, "छान होता हां!" छान होता, पण गेला कुठे? आता ठरवलंय, आधी अंतर, मग वाजले किती, कौतुक एंड, म्हणजे एक फेरी, संपल्यावर.

पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ १९६८ मध्ये आला, १९९६ च्या अटलांटानंतर गेला तो गेलाच. त्यामुळे आमच्यासाठी राष्ट्रकुलच सगळ्यात मोठं. ग्लासगो २०२६ च्या कार्यक्रमात पॅरा बोल्स आहे, तेही छताखाली, कार्पेटवर. हवा नाही, ओल नाही, म्हणजे माझी निम्मी रड संपली. पण बंद हॉलमध्ये शेजारच्या रिंकवरचे डायरेक्टरही घड्याळच ओरडणार. म्हणून सध्या आम्ही दोघी मुद्दाम गोंगाटात सराव करतोय. ती आकड्याआधी माझं नाव घेते, आणि नाव ऐकू आलं नाही तर मी मॅटवरून हलत नाही.