मानधन दोन तासांचं

काल रात्री पावणेदोनला घरी पोचलो. गिटार, अँप, पेडलबोर्ड, केबलची पिशवी, सगळं दोन फेऱ्यांत वर आणलं आणि बूट न काढताच खुर्चीत बसून राहिलो.

कार्यक्रम दोन तासांचा, पण निघालो होतो दुपारी तीनला. साउंडचेक सहाचा, झाला साडेसातला, कारण गायिकेला मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवरच्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाजच येत नव्हता. मानधन मात्र त्या दोन तासांचंच. आठवडाभर घरी बसून बावीस गाणी बसवली, त्यातली चार ऐन वेळी दुसऱ्या पट्टीत गेली, ते कुणाच्या हिशेबातच नाही.

शेवटून तिसऱ्या गाण्यात सगळ्यात बारीक तार तुटली. उरलेलं गाणं पाच तारांवर रेटलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बरं वाटलं, थोडं वाईटही.

निघताना आयोजक म्हणाले, "पैसे पुढच्या आठवड्यात देतो, चालेल ना?" चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पुढचं बोलावणंही त्यांच्याकडूनच यायचं असतं.

ऑनलाइन गाण्यांचं तर विचारूच नका. २०२४ पासून एका मोठ्या स्ट्रीमिंग कंपनीचा नियम आहे: गाणं वर्षभरात १००० वेळा वाजलं नाही, तर छदामही नाही. माझी दोन गाणी सहाशेच्या आसपास अडकलीत. त्यातले शंभर तरी आईचे असतील.

घर चालतं ते शिकवण्यांवर. आज सकाळी आठला पहिला विद्यार्थी हजर, बोटं दुखतात म्हणून कुरकुरत. त्याला बोटांना छळणारा एफ कॉर्ड धरायला लावला आणि तेवढ्यात माझी नवी तार चढवून घेतली.