ताप उतरला, आता ग्राउंडला कधी येऊ?

पावसाळा सरत आला की हा फोन आठवड्यातून दोन-तीनदा येतो. ‘सर, डेंग्यू झालता. आता ताप नाही, पेशीपण वाढल्यात. उद्यापासनं ग्राउंडला येऊ का?’ मुलाऐवजी त्याची आई बोलत असली, तर प्रश्न उलटा असतो : ‘ताप जाऊन महिना झाला, तरी दुपारभर लोळत असतो. नाटकं तर करत नाही ना ओ?’

मी डॉक्टर नाही. पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची बॅच घेतो, एवढंच. पण तुम्ही विचारलंत म्हणून, माझ्याच वहीतलं सांगतो.

एप्रिल २०२१. मी पंचविशीत होतो. १६०० मीटरला माझं टायमिंग ५ मिनिटं २२ सेकंद होतं. भरतीत ५.१०च्या आत आलं की पळण्याचे पूर्ण मार्क, म्हणजे बारा सेकंदांचा प्रश्न. तेवढ्यात कोरोना झाला. फार काही नाही. माडीवरच्या खोलीत नऊ दिवस काढले, ऑक्सिजन ९६च्या खाली कधी गेला नाही. विसाव्या दिवशी पळालो. ६.४१. वाईट वाटलं, पण पळालो तर खरं. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या, सगळ्यांना सांगत सुटलो की जमतंय. दुसरा दिवसही बरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला बसलो आणि भरलेला तांब्या डोक्यापर्यंत जाईना. हात दुखत नव्हता, नुसता वर जात नव्हता. पुढचे चार दिवस पडूनच.

उठलो, लाज वाटली, पुन्हा पळालो. पुन्हा तिसऱ्या दिवशी आडवा. असं चारदा झालं. घरात ‘अंगात आळस भरलाय’ इथपर्यंत बोलणी खाल्ली. मला टायमिंग लिहायची सवय, म्हणून वही चाळताना दिसलं : पळाल्या दिवशी मी ठीकच असायचो. मार पडायचा तो दोन दिवसांनी.

डॉक्टरांकडे गेलो. छातीचा एक्स-रे, रक्त, ईसीजी, सगळं नॉर्मल. ‘काही नाही, अशक्तपणा आहे, व्यायाम वाढवा.’ सल्ला चुकीचा नव्हता, माझ्यासाठी चुकीचा होता. हे कळायला मला बरंच वाचावं लागलं.

अंथरुणाचा अशक्तपणा ही खरी गोष्ट आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं होतं. ना ताप, ना विषाणू. तरी जोरात पळताना शरीर जास्तीत जास्त जितका ऑक्सिजन वापरू शकतं, ती क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलायला लागलं होतं. मग दोनेक महिने कसून व्यायाम करून घेतला आणि गेलेलं परत आलं. गंमत म्हणजे तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर वयानं त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त केलं होतं! असा अशक्तपणा पळूनच जातो.

दुसरा प्रकार वेगळा. त्यात पळालं की वाढतं आणि तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. ॲमस्टरडॅममध्ये अशा रुग्णांना सायकल चालवायला लावून आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून पाहिला. नंतरच्या तुकड्यात इजा वाढलेली दिसली. म्हणजे नाटकं नव्हेत, आई. ऑस्ट्रेलियातल्या डबो गावच्या २००६ सालच्या अभ्यासात तीन वेगवेगळ्या संसर्गांनंतर सहा महिन्यांनीही साधारण १२ टक्के लोक असे थकलेले होते आणि ते स्वभावावर अवलंबून नव्हतं. सुरुवातीचं दुखणं किती जबर होतं, त्यावर होतं.

माझ्या पोरांना मात्र स्वित्झर्लंडच्या लष्करातल्या रिक्रूटांची गोष्ट पटते, कारण ती ग्राउंडची आहे. एकविशीची पोरं. कोरोना येण्याआधीच त्यांची पळण्याची चाचणी झालेली, त्यामुळे आधीचा आकडा हातात होता. आजारानंतर साधारण दीड महिन्यानं पुन्हा पळवलं, तर लक्षणं दिसून आजारी पडलेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाची क्षमता दहा टक्क्यांहून जास्त उतरली होती. ज्यांना संसर्ग झालाच नव्हता, त्यांच्यात असा एकही नाही. तालमीतलं शरीरसुद्धा सुटत नाही.

आता डेंग्यूचं. त्यात ताप उतरतो तेव्हाच जपायचे दिवस सुरू होतात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपणं, पेशी ढासळणं हे बहुतेक त्याच एक-दोन दिवसांत होतं. त्यामुळे ‘ताप नाही’ म्हणून बूट घालणारा दिसला की मला घाम फुटतो. आणि कुठल्याही तापानंतर छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली, तर माझ्याकडे नाही, आधी डॉक्टरांकडे. विषाणूनं हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर मुरलेल्या खेळाडूलाही स्पर्धेपासून लांब ठेवतात, कधी कधी तीन ते सहा महिने.

बाकीच्यांना मी एक राऊंड चालायला सांगतो. घड्याळ नाही. चालता चालता पाढा म्हणायचा. मध्ये श्वास तुटला तर वेग कमी. मग दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी तांब्या कसा उचलला जातो ते मला कळवायचं. नेहमीसारखा उचलला तर पुढच्या वेळी दोन राऊंड. जड झाला तर अर्धा. यात पोरं वैतागतात, वयाची अट डोक्यावर असते, शेजारचा पाच-पंधरावर आलेला असतो. मला स्वतःला यात अकरा महिने गेले. जानेवारी २०२३च्या ग्राउंडला ५.३४ आलं आणि मी यादीच्या बाहेर राहिलो. तेव्हापासून बॅच घेतोय.

यंदा एक पोरगा आहे, ऑगस्टात डेंग्यू झालेला. बाकीचे पळतात आणि हा फिरायला येणाऱ्या काकूंच्या मागून चालतो. लाजतो, म्हणून मीही त्याच्याबरोबर चालतो. काल सत्तावीसच्या पाढ्याला सातव्या ओळीवर अडकला. दम लागला म्हणून की पाढा येत नाही म्हणून, ते काही कबूल करत नाही.