रेलिक केलेली ड्रेडनॉट: विक्रीला काढण्याआधीच्या नोंदी

ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या, रुंद खोक्याची अकूस्टिक गिटार; रेलिक केलेली म्हणजे मुद्दाम जुनी, वापरलेली दिसेल अशी केलेली. स्प्रूसचा टॉप (पुढचा फळा), महोगनीची पाठ, कारखान्यातलं मूळ फिनिश पॉलियुरेथेनचं (पॉली). टॉपवरचं पॉली खरवडून तिथे पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकर (नायट्रो) मारलं आहे. पाठ आणि बाजूंना हात लावलेला नाही. पॉलीला कितीही गारठवलं तरी जुन्या गिटारवर दिसतात तशा बारीक रेघा पडत नाहीत, जोर लावला तर सरळ टवका उडतो. खरवडायला हीट गन नको. टॉप जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो, उष्णता आत पोचली की ब्रेसचा (टॉपच्या आतल्या आधारपट्ट्या) आणि ब्रिजचा (टॉपवर तारा अडकवायची पट्टी) जोड सैल पडतो. कार्ड स्क्रॅपर (खरवडायचा पातळ पोलादी पत्रा) घ्या, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं चालवा आणि ब्रिजभोवती घाई करू नका.

तडे

लॅकर किमान तीन-चार आठवडे सुकू द्यावं. ओलसर लॅकर लवचिक असतं, ते तडकत नाही. मग धूळ उडवायचा गॅसचा डबा उलटा धरून दोन-तीन सेकंदांचा फवारा. गारठल्यावर लॅकर आकसतं, पण लाकूड रेषांच्या दिशेनं जवळजवळ आकसतच नाही, म्हणून तडे रेषांना आडवे पडतात. ब्लेडनं ओढलेल्या रेघा इथेच पकडल्या जातात: सगळ्या सरळ, सारख्या अंतरावर, आणि खालचे तंतूही कापलेले. ब्रिज आणि रोझेट (साउंडहोल, म्हणजे टॉपमधलं गोल भोक, त्याभोवतीची नक्षी) जाड सुती कापडानं झाकून ठेवा, एकाच जागी पुन्हा पुन्हा फवारू नका. या डब्यांतला गॅस बहुतेक वेळा ज्वलनशील असतो. खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नको, हातात मोजे हवेतच.

तड्यांत मळ भरायला गडद तपकिरी मेण. कापडानं चोळायचं आणि लगेच पुसायचं, नाहीतर सगळा टॉप काळवंडतो.

झीज

हे काम हाताचं कमी, नजरेचं जास्त. खरी झीज चारच ठिकाणी जमते: उजवा हात टेकतो ती कड, साउंडहोलच्या खाली पातळ तारांच्या बाजूला, नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) मागे पहिल्या पाच फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), आणि पाठीवर कमरपट्ट्याचं बकल घासतं तिथे. बाकी कुठेही घासलेलं दिसलं तर खोटं वाटतं. हेडस्टॉकच्या (नेकच्या वरच्या डोक्याच्या) टोकाला एखादा टोला चालेल, चारही कोपऱ्यांना नको.

कडेवर ४०० चा पॉलिश पेपर कोरडाच वापरावा. पूर्ण लॅकरपासून उघड्या लाकडापर्यंतचा उतार दहा-पंधरा मिलिमीटरमध्ये विरायला हवा. ठळक किनार राहिली की कोणीतरी मुद्दाम घासलंय हे लगेच कळतं. उघडं पडलेलं स्प्रूस पांढरंफटक दिसतं. त्यावर कडक काळ्या चहाचा हात फिरवायचा, सुकल्यावर उभे राहिलेले तंतू ६०० नं बसवायचे, आणि शेवटी लाखेचा एक पातळ हात: १०० मिली स्पिरिटमध्ये ६ ग्रॅम चपडा. हा हात दिला नाही तर पुढच्या मालकाचा घाम डागाडागानं मुरतो.

ट्यूनर

ट्यूनर म्हणजे तारा पिळायच्या किल्ल्या. इथे निकेलचे, उघड्या गिअरचे. बरणीत तळाला व्हिनेगर आणि मीठ, वर टांगलेले सुटे भाग, झाकण बंद. वाफेनं चकाकी मरते. क्रोम या वाफेला दाद देत नाही, तिथे वेळ घालवू नका. गिअर आणि वर्म (गिअर फिरवणारा आटेदार दांडा) बाजूला काढून ठेवा, त्यांना वाफ लागली की फिरवताना खरखर सुरू होते. नंतर सोड्याच्या पाण्यात धुऊन, पुसून, तेलाचा थेंब. ही बरणी अवजारांच्या खोलीत ठेवली तर अवजारंही गंजतात.

आधुनिक ट्यूनरची भोकं १० मिमीची असतात, जुन्या पद्धतीच्या ट्यूनरचा खुंटा बारीक. मधे कन्व्हर्जन बुशिंग (भोक बारीक करणारी कडी) लागतं. मागच्या जुन्या स्क्रूंची भोकं बुजवली तरी दिसतात, तेव्हा त्यांचा जवळून फोटो द्यावाच.

सेटअप

गिटार विकली जाते ती इथे. ओरखड्यांचे पैसे देणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटतो. हाडाचा नट (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती पट्टी), हाडाचं सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी), सातव्या फ्रेटवर ०.२ मिमी रिलीफ (नेकचा किंचित बाक). बाराव्या फ्रेटवर जाड तारेला २.४ आणि पातळ तारेला १.८ मिमी अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची). बाराव्यावर ०.४ कमी करायचं तर सॅडल ०.८ नं घासावं लागतं. त्यानंतरही ब्रिजच्या वर सॅडल तीन मिलिमीटर तरी उरायला हवं, नाहीतर नेक रीसेट (नेक काढून नव्या कोनात बसवायचं मोठं काम) जवळ आलं असा अंदाज बांधून भाव पाडला जातो.

जाहिरात

‘विंटेज’ हा शब्द नकोच. शीर्षकातच ‘रेलिक केलेली’ आणि खरं बनावटीचं वर्ष. रेलिक म्हणजे लपवायची गोष्ट नव्हे. फेंडर कस्टम शॉप १९९५ पासून उघडपणे अशा गिटार विकतंय. खोटी लेबलं, बदललेला सिरियल नंबर किंवा दुसऱ्या कंपनीचा लोगो मात्र सरळ फसवणूक आहे. तुमचा गिऱ्हाईक सगळं जाणून घेईल, पण त्याच्याकडून घेणाऱ्या तिसऱ्याला कोण सांगणार? म्हणून साउंडहोलमधून दिसेल अशी चिठ्ठी आत चिकटवा: टॉप नव्यानं लॅकर केलेला, झीज मुद्दाम केलेली, सोबत वर्ष. मूळ ट्यूनर, नट आणि सॅडल पिशवीत भरून केसमध्ये.

फोटो तिरप्या उजेडात काढा, तडे तेव्हाच दिसतात. साउंडहोलमधून आरसा घालून ब्रेसचा आणि ब्रिजप्लेटचाही (ब्रिजखालची आतली पट्टी) एक. पाठ अजून पॉलीच आहे हे लिहून टाका, जाणकार उलटून बघतातच.

जुनेपणा आणायला कोणी ब्राझिलियन रोजवूडचा ब्रिज बसवला असेल तर सीमेपलीकडे पाठवण्याआधी थांबा. ते लाकूड १९९२ पासून साइटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये तयार वाद्यांना मिळालेली सूट इतर रोजवूडना आहे, याला नाही.

पाठवताना तारा एक-दोन सुरांनी उतरवा, हेडस्टॉकखाली भक्कम आधार द्या. बबल रॅप थेट टॉपला लावू नका: नायट्रोवर प्लास्टिकचे आणि रबराचे ठसे उठतात आणि ते पुसून जात नाहीत. आधी सुती कापड, त्यावर बाकीचं.