हॅडची गाडी

"आई, तू 'आय हॅड गॉन टू दादर येस्टरडे' म्हणतेस ना, ते चूक आहे."

डोंबिवली लोकलमध्ये, घाटकोपरच्या गर्दीत, एक इयरफोन माझ्या कानात खुपसून लेकीने सुनावलं. गाण्यातला तो दारापाशी पोचतो, तोवर ती निघून गेलेली. "आधी ती गेली, मग हा आला. जी गोष्ट आधी घडली, तिलाच हॅड. नुसत्या कालला नाही."

मराठीत आपण बिनधास्त 'काल गेले होते' म्हणतो. पुढे काही घडायची गरजच नाही! तेच 'होते' उचलून मी वीस वर्षं ऑफिसच्या मेलमध्ये हॅड पेरत आलेय.

ठाण्याला उतरायचं होतं. गाण्याच्या नादात दार गाठलं, तोवर गाडी सुटली होती.

"हां, इथे हॅड," लेक म्हणाली.