पातं फिरेना

विस्कॉन्सिनमध्ये किकापू नदीजवळच्या एका दुकानात मी मासेमारीचं सामान विकतो. मे महिन्यातली सकाळ, रात्रभर पाऊस पडून नदी चहासारखी गढूळ झालेली. एक गृहस्थ दहा वर्षांच्या लेकीला घेऊन आले. तिनं डबीतून स्वतः बांधलेली पहिली माशी काढली, म्हणजे गळावर पिसं बांधून केलेलं किड्यासारखं आमिष. आठ नंबरच्या गळावर वूली बगर नावाची काळी माशी. शेपटीची पिसं जरा वाकडी, पण गाठ पक्की. ट्राउट मासा धरायचा तो याच माशीनं, असा तिचा हट्ट. मात्र हातात काठी होती स्पिनिंगची.

फ्लाय रॉडला जाड दोरीचं वजन माशीला पुढे नेतं. स्पिनिंगच्या काठीला आमिषालाच वजन लागतं. नुसती पिसं पाच हातही जात नाहीत. त्यात गढूळ पाणी. अशा वेळी आमिषापुढे फिरणाऱ्या धातूच्या पात्याची थरथर माशाला पार्श्वरेषेनं, म्हणजे अंगाच्या कडेवरच्या संवेदनशील रेषेनं जाणवते. आमच्याच राज्यात अँटिगो गावात मेप्स ही आमिषं बनवणारी कंपनी आहे. ते लोक पात्यामागे खारीच्या शेपटीचे केस बांधतात, ते मला आठवलं.

तारेला डोळा वळवला, क्लेव्हिसमध्ये, म्हणजे तारेभोवती फिरणाऱ्या छोट्या कडीत, लहान गोल कोलोरॅडो पातं अडकवलं, खाली एक मणी आणि मग तिची माशी. मागच्या पिंपात ओढून पाहिलं तर पातं फिरेना! नुसतं अंगाला चिकटून येत होतं. वेग वाढवला, पातं बदललं, तरी तेच. माझे हात चालत होते, पण डोकं चालत नव्हतं. ती वाकून बघत होती. म्हणाली, "काका, ते माझ्या पिसांना अडकतंय."

खरंच. पात्याचं टोक माशीच्या मानेवरच्या पिसांत रुतत होतं. पिसं कापायला मन होईना. मी आणखी दोन पितळी मणी ओवले, पातं तेवढं वर गेलं. पुन्हा ओढलं आणि काठीच्या टोकाला ती ओळखीची थरथर आली. मी काठी तिच्या हातात दिली. मण्यांनी वजनही आलं होतं. तंगुसाला पीळ पडू नये म्हणून वीतभर वर स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारा जोड बांधला.

दुकान बंद करता करता ती परत आली. बूट चिखलानं भरलेले. मासा पाण्यात सोडून दिला होता, माशी काउंटरवर ठेवली. मानेची पिसं निम्मी झडली होती. मी फुंकर मारली, पातं गर्रकन फिरलं.

"आता अजून छान फिरतंय," ती म्हणाली, आणि पुढच्या माशीसाठी मणी निवडायला बसली.