टायटनवर जीव असलाच तर पाण्याशिवाय?

पाणी नाही तर जीव नाही असं आपण सरसकट बोलून मोकळे होतो, पण शनीचा चंद्र टायटन घ्या, तिथे पाऊस पडतो, नद्या वाहतात, क्राकेन मारे नावाचा चांगला समुद्रच आहे, फक्त हे सगळं मिथेन-इथेनचं, म्हणजे आपल्याकडे जे वायू असतात त्यांच्या द्रवाचं. तापमान उणे 179 अंश, त्यामुळे पाणी तिथे चक्क दगड! 14 जानेवारी 2005 ला ह्युजेन्स यान उतरलं तेव्हाच्या फोटोत नदीतल्या गोट्यांसारखे गोलगोल गोटे दिसतात ना, ते बहुतेक बर्फाचेच.

आता द्रव आहे म्हटल्यावर जीव का नको? तर मेख अशी की फोडणीच्या तेलात मीठ टाकलं तर ते विरघळत नाही तसंच मिथेनचं, क्षार, साखर, प्रोटीन काही विरघळवत नाही, आणि एवढ्या थंडीत रासायनिक क्रिया पण कूर्मगतीने. पेशीचं आवरण पण आपल्यासारखं चालणार नाही. 2015 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी अॅक्रिलोनायट्राइल नावाच्या रसायनाचं आवरण बनू शकेल असं कॉम्प्युटरवर दाखवलं, आणि 2017 ला ते रसायन टायटनच्या हवेत खरंच सापडलं! अर्थात रसायन सापडलं म्हणजे पेशी सापडली असं नाही, यूट्यूबवाले काहीही थंबनेल लावतात.

माझं मत विचाराल तर पाण्याचंच पारडं जड, पण "अशक्य" म्हणायची घाई नको. नासाचं टायटनवर जाणारं ड्रॅगनफ्लाय यान 2028 मध्ये निघायचंय, पोचेल 2034 ला. तोवर वाद घाला निवांत.