झोपाळ्याची फळी: वाड्याच्या तुळईपासून तेलाच्या दुसऱ्या हातापर्यंत

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घराच्या पडवीसाठी करत असलेल्या झोपाळ्याची फळी आता जोडून, रंधून आणि तेलाचे दोन हात देऊन तयार आहे. लांबी साडेपाच फूट, रुंदी २२ इंच, जाडी सव्वा इंच. खालून दोन आडपट्ट्या आणि चारही कोपऱ्यांना पितळी कड्यांसाठी छिद्रे. छंद म्हणून सुतारकाम करणाऱ्यांना यातली मापे आणि पद्धती उपयोगी पडतील, म्हणून त्या सविस्तर लिहीत आहे. मात्र या फळीचे लाकूड, निम्मी हत्यारे आणि ऐन वेळी लागलेले मदतीचे हात माझे नव्हते, आणि ते वगळून केलेली नोंद वाचून कोणी हे काम एकट्याने अंगावर घेतले तर त्याची फसगत होईल. त्यामुळे कोणी काय दिले, हेही मापांइतक्याच काळजीने नोंदवत आहे.

लाकूड शेजारच्या काकांचे. ते ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. जुन्या नाशकातला त्यांचा वडिलोपार्जित वाडा उतरवला गेला, तेव्हा कडीपाटाच्या छताखालच्या काही सागवानी तुळया त्यांनी मोडीत जाऊ न देता घरी आणल्या आणि गाडीच्या शेडमध्ये, विटांचे टेकू देऊन, दोन तुळयांमध्ये वारा खेळेल अशा बेताने रचून ठेवल्या. ज्यांनी सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा पाहिला असेल, त्यांना अशा लाकडाची प्रत वेगळी सांगायला नको. काकांना त्यातून स्वतःसाठी एक मोठी पेटी करायची होती आणि तिचे रेखाचित्रही त्यांच्या वहीत आहे. तरीही माझा झोपाळ्याचा बेत कळल्यावर त्यांनी आधी माझा आराखडा मागवून घेतला, कडीच्या बोल्टाचे छिद्र काठापासून किती अंतरावर आहे ते तपासले, दोन इंचांचे अंतर तीन इंच करायला लावले आणि मग दोन तुळया काढून दिल्या. मी संकोचले, तेव्हा ते म्हणाले, "माझ्याच्याने आता होणार नाही म्हणून देतोय असे समजू नकोस. आराखडा नीट आहे, म्हणून देतोय." उरलेसुरले लाकूड आपण सगळेच एकमेकांना देतो, आणि तेही चांगलेच आहे, पण स्वतःच्या मनात ज्याचा उपयोग ठरलेला आहे असे लाकूड देणे याला मोठे मन लागते, असे मला वाटते.

त्यांची अट एकच होती. तुळयांमधले खिळे कापायचे किंवा आत ठोकून बसवायचे नाहीत, अखंड काढून त्यांना परत द्यायचे. हे खिळे लोहाराने घडवलेले, चौकोनी आणि टोकाकडे निमुळते आहेत. अनेकांची डोकी गंजून गेली होती आणि फक्त भोवतालचे लाकूड काळे पडल्यामुळे त्यांची जागा कळत होती. लोखंड आणि लाकडातली द्रव्ये ओलाव्यात एकत्र आली की असा डाग पडतो आणि तो लाकडात बराच खोल उतरतो. जिथे डागही दिसत नव्हता तिथे दोऱ्याला बांधलेले चुंबक तुळईवरून सावकाश फिरवले. डोके नसलेला खिळा जंबुऱ्याच्या तोंडात येत नाही, आणि तो पकडण्यासाठी पटाशीने खळगा पाडत बसले तर चांगले लाकूड वाया जाते. यावर उपाय काकांनीच केला. १० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळीच्या तोंडाला कानशीने करवतीसारखे दाते पाडून त्यांनी पोकळ गिरमिट तयार केले. ते ड्रिलमध्ये धरून खिळ्याभोवती फिरवले की खिळा आणि त्याच्याभोवतीचा लाकडाचा दंडगोल एकत्रच बाहेर येतो. राहिलेल्या छिद्रात त्याच सागवानाची गोल खुंटी, रेषा फळीच्या रेषांना समांतर ठेवून, बसवली. जुने लाकूड वापरणाऱ्या प्रत्येकाने ही नळी करून ठेवावी. ड्रिलची गती कमी ठेवावी, आणि नळी तापली की थांबावे.

तुळयांची चिराई हा पुढचा अडथळा होता. खिळे काढलेले असले तरी जुने लाकूड म्हटले की वखारवाले पाते खराब होण्याच्या भीतीने नकार देतात, आणि त्यांची भीती रास्त आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मिस्त्रींकडे बँडसॉ (पट्ट्यासारख्या पात्याची यांत्रिक करवत) आहे. त्यांनी बदलायला आलेले जुने पाते राखून ठेवले, दिवसाची कामे संपल्यावर संध्याकाळी मला बोलावले आणि ६ बाय ५ इंचाच्या प्रत्येक तुळईतून दीड इंची तीन फळ्या काढून दिल्या. इथे एक गोष्ट आवर्जून लिहिते. मिस्त्री पैसे घेत नव्हते, मी दिले. शेजारधर्म म्हणून छंदवाल्याने छंदवाल्याला वेळ द्यावा, यात आनंद आहे. पण ज्याचे पोट याच कामावर आहे त्याच्या हातांची मजुरी आपल्या हौसेपायी बुडता कामा नये. पैसे घेतल्यावरही त्यांनी जे दिले त्याची मजुरी होऊ शकत नाही. चिरलेल्या सहाही फळ्या भिंतीला टेकवून, दोन पावले मागे सरून, कोणत्या पाच एकमेकींशेजारी शोभतील ते त्यांनी माझ्याकडून ओळखून घेतले, आणि माझी निवड का बदलावी हे दोन ठिकाणी समजावून सांगितले. फळ्यांच्या टोकाला दिसणाऱ्या वर्षवलयांच्या कमानी एकाआड एक वर-खाली ठेवाव्यात, म्हणजे जोडलेली फळी एकाच बाजूला वळत नाही, असे पुस्तकांत वाचायला मिळते. मिस्त्रींच्या मते लाकूड इतके जुने आणि वाळलेले असेल तर चांगला चेहरा वर ठेवावा, बाकी आडपट्ट्या सांभाळून घेतात. मी त्यांचे ऐकले.

चिरलेल्या फळ्या लगेच रंधायला घेतल्या नाहीत. जुनी तुळई बाहेरून कितीही वाळलेली असली, तरी चिरल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि फळी थोडी वळते. म्हणून मधे पट्ट्या घालून त्या पडवीतच, जिथे झोपाळा राहणार आहे त्या हवेत, काही आठवडे ठेवल्या. उन्हाळ्यात मीटर ८ टक्के ओलावा दाखवत होता. पावसाळ्यात उघड्या पडवीत तो १४ टक्क्यांपर्यंत जाईल असे धरले. सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने साधारण ५ टक्के आटते, त्रिज्येच्या दिशेने साधारण त्याच्या निम्मे, आणि हे आटणे ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आल्यावर सुरू होते. त्या हिशेबाने सहा टक्क्यांच्या फरकाला एक टक्का, म्हणजे २२ इंच रुंदीत जास्तीत जास्त सुमारे साडेपाच मिलिमीटर फुगवटा येतो. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावर बेतलेले आहेत.

रंधाईसाठी काकांनी स्वतःचा १४ इंची लोखंडी रंधा दिला. रंधा उसना देणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतःच्या हाताने पाते घासले आहे त्यालाच कळते. सागवानात वाळूसारखी सिलिका असते आणि ती धार फार लवकर मारते, त्यामुळे दर फळीगणिक पाते काढून दगडावर न्यावे लागत होते. काकांचे पाते २५ अंशांवर घासलेले आणि टोकाला ३० अंशांची बारीक धार असलेले आहे. दोन्ही कोपरे किंचित गोलावलेले, म्हणजे फळीवर कोपऱ्याचे ओरखडे उठत नाहीत. तो गोलावा तसाच राखून धार कशी लावायची, हे त्यांनी त्यांच्या अंगणात मला दाखवले, आणि नंतर मी लावलेली धार उन्हात तिरपी धरून पाहिली. धारेवर प्रकाशाची रेघ चमकली की ती बोथट आहे. काहीच चमकले नाही तर ती लागली. रंधा परत करताना तो मी धार लावून, तळाला तेलाचा हात फिरवून आणि पाते आत ओढून दिला. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांचा लहान ब्लॉक रंधा मी न मागता पाठवून दिला, फळीच्या तीक्ष्ण कडा किंचित गोलावण्यासाठी. आमच्या गल्लीत आता हा अलिखित नियमच झाला आहे: हत्यार नेले त्याहून चांगल्या धारेने परत यायचे. त्यामुळे देणाऱ्याला देताना जड जात नाही, आणि नेणाऱ्याला धार लावायला शिकावेच लागते.

चिकटवणी हा या कामातला सर्वांत नाजूक टप्पा, आणि तो एकटीने होण्यासारखा नव्हता. उन्हाळ्यात फेविकॉल लावल्यापासून त्यावर साय धरेपर्यंत हाती मोजकी मिनिटे असतात. तेवढ्यात चार सांध्यांना डिंक लावणे, पाच फळ्या एका पातळीत आणणे आणि शिकंजे (क्लॅम्प) आवळणे व्हायला हवे. सागवानाला अंगचे तेल असते आणि ते डिंकाला नीट धरू देत नाही. म्हणून कडांवर त्याच सकाळी रंधा मारला आणि डिंकापूर्वी अॅसिटोनने पुसून घेतल्या. हे काम खिडक्या-दारे उघडी ठेवून, आसपास कुठेही ज्योत किंवा उदबत्ती नसताना करावे. साडेपाच फुटांच्या फळीला फूटभर अंतराने शिकंजे लावायचे तर सहा लागतात, आणि एवढे लांब माझ्याकडे दोनच आहेत. दोन काकांचे आले. उरलेले दोन समोरच्या ताईंनी दिले. त्या शाळेत शिकवतात आणि सुट्टीत लाकडावर कोरीवकाम करतात. कोणाचे कोणते ते पुढे कळावे म्हणून प्रत्येकाने आपल्या शिकंज्याला रंगाचा पट्टा ओढलेला आहे.

रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी सगळे जमलो. आधी डिंकाशिवाय पूर्ण तालीम केली: कोण कोणती फळी उचलणार, कोण डिंक पसरणार, शिकंजे कोणत्या क्रमाने आवळणार. तालमीत एका सांध्याला मधोमध कागद सरकेल इतकी फट दिसली, तेव्हा कोणीही घाई केली नाही. चहा झाला, ती कड पुन्हा रंधली गेली आणि तालीम पुन्हा पहिल्यापासून केली. शिकंजे एक वर, एक खाली असे लावले, म्हणजे फळी एका बाजूला कमान धरत नाही. शेजारच्या इमारतीतला महाविद्यालयात जाणारा मुलगा ओल्या फडक्याने ओघळलेला डिंक पुसत होता आणि काका सरळ पट्टी आडवी ठेवून प्रकाश दिसतो का ते पाहत होते. शेवटचा शिकंजा आवळला गेला तेव्हा डिंक अजून ओला होता. सांधे चांगले बसले आहेत, आणि हे मी पूर्ण समाधानाने लिहीत आहे. त्या मुलाला काकांनी त्याच दिवशी आपली अर्धा इंची पटाशी दिली. त्यांनी ती देताना काही सांगितले नाही. त्यानेही ती लगेच दगडावर नेली.

आडपट्ट्या सहाव्या फळीतून निघाल्या. त्या डिंकाने चिकटवलेल्या नाहीत. मधला स्क्रू घट्ट आहे आणि दोन्ही टोकांच्या स्क्रूंची छिद्रे लांबट, म्हणजे फळी मध्यापासून दोन्हीकडे फुगू शकेल. कड्यांच्या बोल्टाची छिद्रेही रुंदीच्या दिशेने तीन मिलिमीटर मोकळी आहेत आणि खाली रुंद वॉशर आहे. ही छिद्रे काटकोनात पडण्यासाठी ताईंचा उभा ड्रिल वापरला. उरलेले तुकडे त्यांना दिले. जुन्या सागवानात बारीक कोरीवकाम फार स्वच्छ उठते, आणि त्यांनी त्यावर कमळे कोरायला घेतलीही आहेत.

शेवटचा हात अळशीच्या तेलाचा. दोन हात झाले, तिसरा बाकी आहे. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती दोरीवर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात टाकावीत. सुतारकामाशी संबंध नसलेल्या शेजाऱ्यांचेही इथे आभार मानायला हवेत. वरच्या मजल्यावर तान्हे बाळ आहे, म्हणून दुपारी एक ते चार कोणतेही यंत्र लावायचे नाही असे मी ठरवले होते. बाळाच्या आजी मात्र ते बाळ झोपेतून उठले की जिन्यातून हाक मारून "आता चालू दे" असे सांगत, आणि तेवढीच जास्तीची मिनिटे मिळत.

पितळी कड्या भांडी बाजारातल्या दुकानातून ठरवल्या आहेत. छताचे हूक खोलीच्या नुसत्या स्लॅबमध्ये न घेता पडवीच्या काँक्रीटच्या तुळईत घेतले आहेत, आणि भार तपासल्याशिवाय काका कोणालाही फळीवर बसू देणार नाहीत. चार मोठ्या माणसांचे वजन साधारण २८० किलो धरले, तर झोका घेताना हूकांवर त्याहून जास्त भार येतो, म्हणून तपासणी ४०० किलोंची करायची आहे. मागच्या गल्लीत ज्यांचे बांधकाम चालू आहे ते पन्नास किलोंच्या आठ गोण्या सिमेंट एका दिवसासाठी द्यायला तयार आहेत. पाऊस सुरू होण्याआधी त्या आणून, ताडपत्री घालून फळीवर रचायच्या, रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी हूकांजवळ भेगा आल्या का, फळी मधे किती वाकली, हे मोजायचे. ती मापे पुढच्या नोंदीत देईन.